काढलेला आवाज

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. दोनदा, मग थांबून एकदा.

तिने दुधाखालचा गॅस बारीक केला, हात पुसले, दारापाशी जाऊन उभी राहिली आणि पुटपुटत पाचपर्यंत मोजलं. मग बोल्ट काढला.

या घरात दार असंच उघडायचं असा नियम होता. बेल नव्हती. बेलच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग होता आणि त्यातून डोकावणारी, चिकटपट्टी गुंडाळलेली दोन वायरींची टोकं. बाहेरच्याचं वाजवून पुरतं होऊ द्यायचं, वर पाच आकडे मोजायचे, मगच बोल्टला हात लावायचा. पार्सलवाले वैतागत. गॅसवाला एकदा म्हणाला होता, "काकू, तुम्ही दाराशी उभ्या असता ते कळतं मला. काहीतरी पुटपुटता पण. माझ्या नावाने बोटं मोडता की काय?"

आतल्या खोलीतून आईने कोण आलंय म्हणून विचारलं नाही. ती कधीच विचारत नसे. दारावरची थाप ऐकायची आणि संपली की पुन्हा कुशीवर वळायचं, एवढंच ती करी. दोन आणि एक वाजली म्हणजे लोक. लोकांत तिला रस नव्हता.

दारात पस्तिशीचा एक सडपातळ माणूस उभा होता. छातीशी धरलेली बॅग, गळ्यात मोठे हेडफोन. त्याने दोन दिवसांपूर्वी फोन केला होता. जुन्या सिनेमांची दुरुस्ती करणाऱ्या एका संस्थेत तो आवाजाचं काम पाहत असे, आणि सध्या त्याच्या हातात 'तो' सिनेमा होता. घरात त्याला नुसतं सिनेमा म्हणत. दुसऱ्या सिनेमाचा विषयच या घरात कधी निघाला नव्हता.

"सॉरी हां," तो म्हणाला. "हात आपोआप तसाच वाजतो."

"सगळ्यांचाच वाजतो," ती म्हणाली. "आत या. खोकी ओलांडून या."

बैठकीच्या खोलीत अकरा खोकी बांधून ठेवली होती. पुढच्या शनिवारी टेम्पो येणार होता. न्यायालयाच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत तळमजल्यावरचं घर तिला तिसऱ्यांदा देऊ केलं होतं. आधी दोनदा तिने नाकारलं होतं, आईसाठी. या वेळी तिने विचारलं तेव्हा आई बराच वेळ छताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं. जाऊ." मग थोड्या वेळाने, "आता नाही येत तो." ती स्वतः सहासष्ट वर्षांची होती आणि त्या दोन वाक्यांची तिने चव्वेचाळीस वर्षं वाट पाहिली होती. आनंद झाला नाही. नुसते खांदे दुखायला लागले, एवढे दिवस दुखत होते हे आत्ता कळल्यासारखे.

तो खुर्चीवर बसला. पाण्याचा पेला हातात घेतला, प्यायला नाही.

"तुमच्या जिन्यात एक पायरी वाजते," तो म्हणाला.

"एक्केचाळिसावी. फरशी निखळली आहे. शेजारच्यांचं कपाट उतरवताना हमालांच्या हातून सुटलं."

"केव्हा?"

"नऊ वर्षं झाली. का?"

"नाही, काही नाही." मग तो पाणी प्यायला.

*

सिनेमा सदतीस वर्षांपूर्वीचा. कादंबरी त्याच्या तीन वर्षं आधीची, तिच्या वडिलांची. कादंबरी किती जणांनी वाचली ते प्रकाशकालाच ठाऊक. सिनेमा न पाहिलेला माणूस मात्र शोधून काढावा लागला असता. नवरा निघून गेलेली एक बाई, दारावरची त्याची ठरलेली थाप आणि तिचं वाट पाहणं, एवढीच गोष्ट. पण त्या थापेने लोकांना झपाटलं. मुलं शाळेत बाकांवर ती वाजवू लागली. गाड्यांचे हॉर्न तिच्या तालात वाजू लागले. साबणाच्या जाहिरातीत ती आली. सभागृहात विरोधकांनी बाकं वाजवली तीही तशीच. तिचा दंतवैद्य दात तपासताना आरशाच्या दांडीने तीच वाजवी आणि एकटाच हसे. बरेच दिवस न दिसलेला माणूस समोर आला की लोक म्हणत, "काय राव, आज टकटक-टक कुठून?" आणि असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांचा जन्मच सिनेमानंतरचा होता. शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीत 'टकटक-टक'ला स्वतंत्र नोंद मिळाली तेव्हा तिने ती कापून ठेवली. नोंदीत सिनेमा होता, कादंबरी नव्हती. कादंबरीच्याही नव्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर नायिकेचाच फोटो असे.

गोष्ट याच घरात लिहिली गेली म्हणून लोक दार बघायला येत. फोटो काढत, वाजवून पळून जात. एका मुलाने जिन्याच्या चौकात मुलीला लग्नाचं विचारलं, आणि नकार मिळाल्यावर पाणी मागायला दार वाजवलं, तेही टकटक-टक. दारावर खांद्याच्या उंचीला पॉलिश उडून पांढुरका गोल पडला होता.

कादंबरीत नवरा परत येत नाही. सिनेमात येतो. शेवटच्या रिळात ती थाप पडते, बाई धावते, दार उघडते आणि थिएटर रडतं.

या फरकाची किंमत बाहेर कुणाला माहीत नव्हती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी या घरातून निघून गेला होता तो नवरा नव्हता, तिचा धाकटा भाऊ होता. एकोणीस वर्षांचा. वडिलांनी आपलं जुनं घड्याळ त्याला दिलं होतं, स्टीलच्या पट्ट्याचं. पट्टा सैल होता, तळहातावर घसरायचा. एका दुपारी साडेतीनला तो "पट्ट्याची एक कडी काढून आणतो, ताई" असं तिला सांगून बाहेर पडला. घड्याळवाल्याने पोलिसांना सांगितलं की असा मुलगा दुकानात आलाच नाही. त्यानंतरची त्याची नोंद कुठेच नाही.

त्याची थाप टकटक-टक नव्हती. मुठीने सावकाश तीन ठोके, मग थांबणं, मग तळहात दारावर टेकवून खाली ओढत नेणं, आणि त्याबरोबर लाकडावर घासणारा तो पट्टा. करर्. आई त्याला आळशाची थाप म्हणायची. "दाराचं पॉलिश निघतंय मेल्या," असं रोज ओरडायची.

वडील स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत. कादंबरी हातावेगळी केली त्या दिवशी ते तिला म्हणाले, "खरी थाप नाही दिली मी. दुसरीच लिहिली. ती आपल्यातच राहू दे, नाहीतर उद्या कुणीही वाजवील." सिनेमाच्या आधी एक वर्ष ते गेले. त्यामुळे सिनेमा पाहायला ती आणि आई दोघीच गेल्या. तोवर आईने धाकट्याचे कपडे देऊन टाकले होते, त्याच्या पलंगावर शिवणाचं मशीन ठेवलं होतं. सावरत होती. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी आई उठली नाही. घरी आल्यावर तिने स्टूल घेतलं आणि पेचकसाने बेल उपटून काढली. आला तर त्याची थाप ऐकू यायला हवी होती.

लेकीला सिनेमाचा राग होता तो एवढाच, की आई पुन्हा वाट पाहू लागली. लोकांना वाटे, वडिलांच्या गोष्टीचा शेवट बदलला म्हणून.

*

"कामाचं बोलतो, मॅडम," आवाजवाला म्हणाला. "जुन्या फितीत खरखर असते. ती आम्ही काढतो. पण काढलेली टाकून देत नाही. वेगळी साठवतो, आणि पहिल्यांदा तीच ऐकतो. चुकून काही खरं तर निघून गेलं नाही ना, ते बघायला. भांडी घासून झाली की मोरीत एखादा चमचा गेलाय का बघतात ना, तसं."

"मग चमचा सापडला?"

"शेवटच्या रिळात. टकटक-टक होते, बाई पळत जाते. तिथली खरखर काढली आणि ऐकली, तर तिच्यात अजून एक आहे. तीन ठोके. सावकाश. मग गॅप. मग काहीतरी घासत खाली जातं. लाकडावर धातू."

छत्तीस वर्षं तिने न्यायालयात लघुलेखिका म्हणून काम केलं होतं. साक्षीदार बोलला ते लिहायचं, त्याला काय म्हणायचं होतं ते नाही; आणि लिहिताना चेहरा हलू द्यायचा नाही. तिचा चेहरा हलला नाही.

"तुमच्या वडिलांच्या पुस्तकात असं काही आहे का? असेल तर दिग्दर्शकाने मुद्दाम घेतलं असणार, मग ते परत जागेवर ठेवायला हवं. नसेल तर कचरा. मूळ लेखनाचे हक्क तुमच्याकडे आहेत, म्हणून तुम्हाला विचारायचं असा नियम आहे आमच्याकडे. सही लागते."

"पुस्तकात नाही," ती म्हणाली. हे खरं होतं.

"मग काढू?"

"काढा."

"सोमवारी कागद घेऊन येतो," तो म्हणाला, पण उठला नाही. "मॅडम, हा जिना किती पायऱ्यांचा आहे?"

"सत्तावन्न. या वयात मोजल्याशिवाय चढवत नाही."

तो उठला. दार ओढून घेतल्यावर त्याची पावलं लगेच खाली गेली नाहीत. मग गेली. एक्केचाळिसाव्या पायरीवर तो थांबला, आणि तिला ऐकू आलं, त्याने ती फरशी पायाने दोनदा दाबून पाहिली. खट्. खट्.

आतून आई म्हणाली, "कोण होता गं तो? कान मोठे वाटले त्याचे."

"तुला काय दिसलं? पडद्याआड होता."

"ऐकत किती होता. तानसेन नव्हे, कानसेन." आई हसली. तिची नजर गेली होती, पाय चौदा महिन्यांपूर्वी गेले होते. कान शाबूत होते.

*

शुक्रवारी तिने कानसेनकडून एक नंबर घेतला आणि फोन लावला. सिनेमासाठी दारांचे, पावलांचे, भांड्यांचे आवाज करणारा माणूस अजून हयात होता. मागे मोठ्याने टीव्ही चालू होता.

"ती थाप माझीच," म्हातारा म्हणाला. "ही दोन बोटं. या बोटांवर लोकांनी घरं बांधली आणि मी भाड्याने राहतो. बोला."

"दार कुठलं होतं?"

"भंगारातलं. चौकटीसकट आणलं होतं. खोलीच्या मधोमध उभं केलं, दोन दोऱ्यांनी वर बांधून. भिंत नाही, काही नाही. नुसतं दार. अलीकडून मी वाजवायचं, पलीकडे माइक."

"एकदाच वाजवलं?"

टीव्हीचा आवाज कमी झाला. "सातदा. सहा वेळा वाया गेलं. मी थांबलो की माइकवर यायचं, दाराला कुणीतरी हात पुसतंय असं. दिग्दर्शक मला शिव्या घालतोय, मी म्हणतोय माझे दोन्ही हात वर आहेत, बघा. सातव्या वेळी नाही आलं." तो खोकला. "म्हणजे आम्हाला ऐकू नाही आलं."

"पलीकडे कोण होतं?"

"पलीकडे माइक होता, बाई. सांगितलं ना."

तिने हे सगळं लघुलिपीत उतरवून घेतलं, तारीख आणि वेळ घातली. सवय. वाचून पाहिलं तर त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. जुनं लाकूड, सैल दोऱ्या, दार झुलत असेल. तिने वही खोक्यात टाकली आणि खोकं बांधलं.

*

सोमवारी तो पुन्हा आला तेव्हा त्याने टकटक-टक केली नाही. एकच ठोका मारला आणि हात खिशात घातला. दार उघडेपर्यंत तो तसाच उभा होता.

"मी सगळी रिळं पुन्हा ऐकली," तो म्हणाला. "म्हणजे काढलेली खरखर. पहिल्यापासून. चौदा रिळं." त्याचे डोळे लाल होते. "पहिल्या रिळापासून कुणीतरी जिना चढतंय, मॅडम. प्रत्येक रिळात चारएक पायऱ्या, कधी तीन, कधी पाच. दमल्यासारखा. मध्येच थांबतो. मी मोजल्या. सत्तावन्न."

"खरखरीत माणसाला काहीही ऐकू येतं. तुम्हीच झोपलेले दिसत नाही."

"माझी बायकोपण तेच म्हणाली." त्याने लॅपटॉप उघडला. "हे अकरावं रीळ आहे. बारीक आवाजात लावतो."

आधी नुसता सर्र असा आवाज, कढईत तेल तापल्यासारखा. मग त्याच्या मागून पाऊल. पाऊल. एक पाय किंचित ओढलेला. पाऊल. मग, अगदी स्पष्ट, खट्.

तो सिनेमा सदतीस वर्षांपूर्वीचा होता. फरशी नऊ वर्षांपूर्वी निखळली होती. हा हिशेब तिने मनात पुन्हा एकदा केला, आणि तोच आला.

"बंद करा," ती म्हणाली.

"पुन्हा लाव रे," आतून आई म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"मला दिसत नाही म्हणून खुणा करू नका," आई म्हणाली. "लाव. शेवटपर्यंत लाव."

त्याने लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत नेला. काय करणार होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई लाव म्हणत होती. चौदावं रीळ लागलं. सर्र. पावलं. शांतता. मग तीन ठोके. मग गॅप, एवढी मोठी की तिला वाटलं संपलं. मग करर्.

आईचा हात चादरीवरून हळूहळू सरकला आणि थांबला.

"पट्टा सैलच आहे अजून," ती म्हणाली. "कडी काढलीच नाही याने."

"आई, ही सिनेमाची फीत आहे. जुनी."

"असू दे ना. दमलाय बघ किती. पाय ओढतोय." मग तिने कानसेनकडे तोंड केलं. "काढू नकोस हां बाळा ते. राहू दे. आणि तू गं, माझी चादरी-उशी खोक्यातून बाहेर काढ. कुठे जायचं नाही आता."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तळमजल्यावरचं घर तिने पाहून ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन यायचं. दाराला बेल होती. तिने ती तीनदा वाजवून पाहिली होती. आईला चाकाच्या खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत नेता आलं असतं. एवढंच हवं होतं. याहून मोठं काही तिने आयुष्यात मागितलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत ती त्याला म्हणाली, "कागद द्या."

"आजी नको म्हणतायत."

"हक्क माझ्या नावावर आहेत. कागद."

त्याने कागद काढला. तिने सही करायला पेन टेकवलं तेव्हा तो म्हणाला, "एक अजून आहे. हे आजींना नाही ऐकवलं." त्याने हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. मोठे होते, आतून उबदार. "घासून झाल्यावर. अलीकडच्या बाजूने."

सर्र. मग खूप जवळून, जवळजवळ तिच्या तोंडातूनच, एका बाईची पुटपुट. एक. दोन. तीन. चार.

सर्र.

सर्र संपलं.

"पुढे?"

"पुढे रीळ संपतं."

तिचं पेन कागदाच्या कोपऱ्यात चार खुणा करून थांबलं होतं. लघुलिपीतले आकडे. आवाज तिचा होता. तरुणपणीचा नव्हे, आत्ताचा. वरचे दात काढल्यापासून 'स' आणि 'च' जसे निसटतात तसा, त्या 'चार' मधला 'च' निसटलेला.

मोजण्याबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने सही केली.

"काढलं म्हणजे नाहीसं झालं असं नाही हां, मॅडम," तो बॅग आवरताना म्हणाला. "सिनेमातून जाईल. पण काढलेलं कुठेतरी ठेवावं लागतंच."

"तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "आमच्याकडे जागा नाही."

*

आई दोन दिवस बोलली नाही. जेवली, औषधं घेतली, तोंड भिंतीकडे. बुधवारी संध्याकाळी आपणहून म्हणाली, "काढलंस ना?"

"काढलं."

"दमलीस का गं तू?"

"हो."

"मग जाऊ," आई म्हणाली. "शनिवारी ना? जाऊ."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच एक स्वच्छ पेला धूत राहिली.

गुरुवारी सकाळी कानसेनचा फोन आला. नवीन फीत पुढे गेली होती. स्वच्छ, काचेसारखी, वरिष्ठ खूश होते.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"काढलेली खरखर संग्रहात जमा करायची असते. त्याआधी काल पुन्हा ऐकली. चौदाही रिळं." तो थांबला. "नुसती खरखर आहे, मॅडम. पावलं नाहीत. थाप नाही. ते मोजणंही नाही. माझ्याकडे दोन प्रती होत्या, दुसरीतही नाही."

"मग बरंच झालं की."

"सिनेमात पण नाही. इकडे पण नाही." त्याचा श्वास फोनवर ऐकू येत होता. "म्हणून म्हटलं, विचारावं. तिकडे सगळं ठीक आहे ना?"

"इकडे सामान बांधतोय आम्ही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

*

शुक्रवारी दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी ती सतराव्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. घरात भिंतींवर फक्त खिळे उरले होते. पलंग, आई आणि दुधाचं पातेलं एवढंच सकाळसाठी बाहेर होतं. आईच्या चपलाही तिने बांधून टाकल्या होत्या. पायांना लागत नव्हत्याच.

खाली कुणीतरी जिन्यात आलं.

तिने लक्ष दिलं नाही. चार मजल्यांची इमारत, माणसं येतात जातात. पहिल्या मजल्यावर पावलं थांबली. पुन्हा सुरू झाली. एक पाय किंचित ओढत.

दुसऱ्या मजल्यावर थांबली.

तिच्या हातातली पट्टी खोक्याला अर्धी चिकटून राहिली. ती मोजत नव्हती. मोजायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तिला माहीत होतं, आता अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

खट्.

आतल्या खोलीतून काहीच आवाज नव्हता. आईला ऐकू गेलं नाही असं होणं शक्य नव्हतं.

पावलं दारापाशी आली. थांबली.

तीन ठोके. सावकाश, मुठीने.

गॅप.

मग लाकडावर तळहात टेकला, आणि खाली ओढत गेला. करर्.

ती उठली. गुडघे वाजले. दारापर्यंत आठ पावलं होती, ती चालली. टेम्पो उद्या सकाळी नऊला होता. तिने बोल्टवर बोटं ठेवली. सवयीने ओठ हलले.

"एक."

मागे, आतल्या खोलीत, पलंग करकरला.

"दोन."

अनवाणी पावलं. फरशीवरून, हळू, तिच्याच दिशेने. चौदा महिन्यांनी. तिला वळून म्हणायचं होतं, आई, पडशील. वळता आलं नाही.

"तीन."

पावलं तिच्या पाठीशी येऊन थांबली. बोल्टवर, तिच्या बोटांशेजारी, दुसरी बोटं येऊन टेकली.

"चार."

आतल्या खोलीतून, पलंगावरूनच, आईने चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "कोण आलंय गं?"